भेरूगढच्या भिंती आणि त्यांवरची आपली अक्षरं



उज्जैनच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की वाडे, शिंदे सरकारातल्या नोकऱ्या, गणपतीतली नाटकं आणि महाकाळाची सवारी, एवढ्यावर गाडी फिरत राहते. आज जरा निराळा विषय घेते. भिंती. त्यातही भैरवगढच्या भिंती. आपण बोलताना भेरूगढच म्हणतो, तेव्हा मीही तसंच लिहिते.

विषय आत्ताच काढायला कारण आहे. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतोय. सिंहस्थ म्हटला की रस्ते रुंद होतात, घाट दुरुस्त होतात आणि भिंती रंगतात. २०१६ च्या सिंहस्थात आपण हे पाहिलंच. पुलांच्या, शाळांच्या, सरकारी आवारांच्या भिंतींवर शिवशंकर, साधू, क्षिप्रा, समुद्रमंथन अशी चित्रं आली. छान दिसत होतं, नाही म्हणत नाही. पण रंग देण्याआधी त्या भिंतीवर काय होतं, हे कोणी पाहिलं का? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

भिंतीवर लिहिणं वाईट, असं आपल्याला लहानपणी शिकवलं. कोळसा हातात दिसला की आई ओरडायची. पण त्याच घरात श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला चिकटायचा, नागपंचमीला नाग काढला जायचा, लग्नात हळदीचे पंजे उमटायचे. म्हणजे भिंतीवर लिहायचंच नाही असा काही नियम नव्हता. कोणी, काय, कशानं आणि किती दिवसांसाठी लिहायचं, याचा नियम होता. तो कुठे पुस्तकात लिहिलेला नव्हता, पण आजीला पाठ होता.

आता भेरूगढकडे वळू. शहरातून उत्तरेला निघालं की कालभैरव, सेंट्रल जेलची उंच भिंत, छिपा मंडळींचे रंगाचे कारखाने आणि क्षिप्रेच्या काठी सिद्धवट. एवढ्याशा वस्तीत भिंतीवर खूण करण्याचे जितके प्रकार आहेत तितके दुसरीकडे सापडणं कठीण.

पहिला कालभैरव. मंदिराभोवती किल्ल्यासारखा कोट आहे. आपल्या घरांतून सांगितली जाते ती गोष्ट महादजी शिंद्यांची. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं संपलं. महादजी जखमी होऊन कसेबसे वाचले. पुढे त्यांनी भैरवाला साकडं घातलं, आपली पगडी त्याच्या चरणी ठेवली, आणि यश आल्यावर मंदिराचा जीर्णोद्धार केला, असं सांगतात. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा दिल्लीत परत शिरल्या आणि त्यात महादजी होते, हा तर इतिहासच आहे. भैरवाच्या डोक्यावर आजही शिंदेशाही पगडी दिसते. दारूच्या नैवेद्यामुळे हे मंदिर देशभर माहीत झालं, पण आपल्या आजी-आजोबांना ते पगडीमुळे आपलं वाटायचं.

याच मंदिराच्या भिंतींवर एके काळी माळवी शैलीतली चित्रं होती. आज त्यांच्या पुसट खुणा तेवढ्या उरल्या आहेत. गर्दी, धूप, तेल, ओल, हात लावणारी माणसं, अशा गोष्टींनी भिंतीवरचं चित्र हळूहळू जातं. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपली पुताई. हेतू चांगला असतो, सण आला की देवाचं घर स्वच्छ दिसावं. पण चुन्याचा एक हात फिरला की खालचं चित्र दिसेनासं होतं, आणि पाचदहा हात फिरले की त्याखाली काही होतं हेही माणसं विसरतात. खरवडून नाव कोरणारा पोरगा भिंतीचं नुकसान करतो, हे सगळ्यांना दिसतं. श्रद्धेनं चुना मारणारे हात तेच करतात, ते मात्र कोणाला दिसत नाही.

दुसरा सिद्धवट. प्रयागचा अक्षयवट, गयेचा गयावट, मथुरेचा वंशीवट आणि आपला सिद्धवट, असे चार वड मानतात. बादशाही अमलात हा वड तोडून वर लोखंडाचे तवे ठोकले आणि तरीही तो ते फोडून वर आला, ही गोष्ट तिथला प्रत्येक पंडित सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांचं तिथं जाणं श्राद्धाच्या निमित्तानं झालं असेल. संतती, संपत्ती आणि सद्गती अशा तीन सिद्धींसाठी इथे येतात, आणि संततीसाठी इथे उलटा सातिया काढतात. सातिया म्हणजे आपलं स्वस्तिक. कुंकवाचं बोट, चार रेघा, त्याही उलट्या दिशेनं.

इंदूरकरांना हे नवीन नाही. अहिल्याबाईंनी बांधलेल्या खजराना गणपतीच्या मागच्या भिंतीवरही उलटे सातिये काढतात, आणि मागणं पुरं झालं की परत येऊन सुलटा काढतात. जरा विचार करा. ती भिंत म्हणजे अर्जांची वही आहे. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, सही नाही. कोणाला मूल हवंय, कोणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कोणाची कोर्टात केस आहे, सगळ्यांचा अर्ज एकाच अक्षरात. आणि ते कुंकू वाऱ्यापावसानं जाणार, दुसऱ्याच्या सातियासाठी जागा मोकळी होणार, हे काढणाऱ्या बाईला आधीच मान्य असतं.

तिसरी जागा भेरूगढच्या थोडी पुढे आहे, क्षिप्रेच्या पात्रातला कालियादेह महाल. शाळेच्या सहलीला आपण सगळेच गेलोय. बावन्न कुंडं, खळाळणारं पाणी, आणि पाय घसरेल म्हणून ओरडणाऱ्या बाई. माळव्याच्या सुलतानांच्या काळातलं हे बांधकाम. पुढे ते मोडकळीला आलं, आणि १९२० मध्ये ग्वाल्हेरच्या माधव महाराज शिंद्यांनी ते दुरुस्त करून घेतलं. या महालात फारसी शिलालेख आहेत, अकबर बादशहा इथे येऊन गेल्याचे. दख्खनच्या स्वारीच्या वेळी, म्हणजे १५९९ ते १६०१ या काळात, त्याचा मुक्काम या बाजूला होता. त्याच मोहिमेत जानेवारी १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा अशीरगढ पडला.

त्याच्या पदरी मीर मुहम्मद मासूम नावाचा सिंधकडचा सरदार होता. कवी होता, इतिहास लिहिणारा होता, अक्षर सुंदर होतं. जाईल तिथे आपले लेख दगडात कोरून ठेवायची त्याला फार हौस. मांडूच्या नीलकंठ महालातही अकबराच्या स्वारीच्या आठवणी दगडात कोरलेल्या आहेत. थोडक्यात काय, ‘मी इथे येऊन गेलो’ हे लिहायची खाज बादशहालाही होती. फरक एवढाच की त्याच्याकडे पदरी लेखक होता आणि कोरायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

म्हणून कुठल्याही जुन्या वास्तूत बाण मारलेलं बदाम आणि दोन नावं दिसली की मला राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही. ही खोड फार जुनी आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत. आज तेच लेख त्या समाजाच्या इतिहासाला मोलाचा पुरावा वाटतात. आणि अजिंठा? २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोचला आणि दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव आणि तारीख खरवडली. तेही थेट रंगवलेल्या चित्रावर. आज मार्गदर्शक ते नाव पर्यटकांना कौतुकानं दाखवतात.

कान्हेरीत आलेले पारशी आणि अजिंठ्यातला स्मिथ, दोघांनीही नावंच लिहिली. तरी मला दोन्ही गोष्टी सारख्या वाटत नाहीत. पारशांनी रिकाम्या दगडावर लिहिलं, कोणाचं काही मिटवलं नाही. स्मिथनं दुसऱ्याचं चित्र खरवडलं. भिंतीवरच्या अक्षराची हीच कसोटी मला पटते. ते लिहिताना कोणाचं काय पुसलं गेलं?

आता आपल्या उज्जैनच्याच माणसाची आठवण काढायलाच हवी. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, आपले हरिभाऊ. जन्म नीमचचा, ४ मे १९१९ चा, पण कर्मभूमी उज्जैन. भारती कला भवनात त्यांच्या हाताखाली चित्र शिकलेली माणसं अजून शहरात आहेत. १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून त्यांना भोपाळजवळ किल्ल्यासारखे खडक दिसले. दुसरा कोणी असता तर पुन्हा पेपरात डोकं घातलं असतं. हे उतरले, चालत गेले, आणि भीमबेटका जगापुढे आलं. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ते पाहायला हरिभाऊ नव्हते, ३ एप्रिल १९८८ ला ते गेले होते.

तिथल्या सातशेहून जास्त शैलाश्रयांमध्ये काही खडकांवर चित्रांवर चित्रं आहेत. आधीच्या माणसानं काढलेल्या बैलावर हजारो वर्षांनी दुसऱ्यानं हत्ती काढला, त्यावर तिसऱ्यानं घोडेस्वार. वाकणकरांचं मोठेपण हे की त्यांनी हे थर वेगळे करून वाचले. वरचं नवं म्हणून टाकलं नाही आणि खालचं जुनं म्हणून तेवढंच पूजलं नाही. भिंत कशी वाचायची, हे या मराठी माणसानं माळव्यात राहून दाखवून दिलं. आणि त्याच्याच शहरात आपण भिंत न वाचता तिच्यावर रंग ओततो, हे बरं दिसत नाही.

घरांच्या भिंतींकडे येते, कारण तिथे आपलं स्वतःचं काहीतरी हरवत चाललंय.

पितृपक्ष लागला की माळव्यातल्या मुली भिंतीवर संजा मांडायच्या. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज संध्याकाळी शेणानं नवी आकृती, वर गुलतेवडीच्या, कण्हेरीच्या पाकळ्या. एक दिवस बिजोरा, एक दिवस सातिया, एक दिवस डोकरा-डोकरी, आणि शेवटी मोठा किलाकोट. रोज आरती, गाणी, प्रसाद काय आहे ते ओळखायचं. अमावास्येला सगळं शेण उतरवून नदीत विसर्जन. आपल्या घरांत भोंडला, हादगा, खानदेशाकडच्यांकडे गुलाबाई. पण शेजार माळवी असला की मराठी मुलीही संजा मांडायच्या आणि माळवी मुली भोंडल्याच्या खिरापतीला यायच्या. माझ्या आईला संजाची गाणी जितकी येत होती तितकी भोंडल्याची नव्हती. किलाकोट झाला की महिन्याभरात दिवाळीचा मातीचा किल्ला. आम्हाला ते दोन्ही एकाच सणाचे भाग वाटायचे.

लग्नघरी चितेरा यायचा. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, घोडेस्वार, मोर, शिपाई, वर गणपती. त्याला माळव्यात चितरावण म्हणतात. भिंत पाहूनच कळायचं की या घरात यंदा लग्न झालं. दोनतीन वर्षं ते चित्र राहायचं, उडत जायचं, मग दुसऱ्या मुलाच्या लग्नात पुन्हा नवं.

आता ओटल्याच्या भिंतीला टाइल्स लागल्या. टाइल्सवर शेण चिकटत नाही. संजाचे छापील कागद बाजारात मिळतात, ते चिकटवले की झालं. चितेऱ्याच्या जागी फ्लेक्स आला. मी टाइल्सना नावं ठेवत नाही, माझ्याही घरी आहेत, पुसायला सोप्या. पण भिंतीबरोबर हाताची सवय जाते, हे मात्र खरं. सोळा दिवसांच्या सोळा आकृती ज्या बाईला न बघता काढता येतात, ती आता सत्तरीच्या पुढे आहे.

रस्त्यावरच्या भिंतीचाही इतिहास आहे. १९४२ च्या चळवळीत कोळसा आणि गेरू ही पोरांची छापखान्याची शाई होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई-पुण्याच्या भिंती घोषणांनी भरल्या, त्या काळात तिकडे नातेवाइकांकडे गेलेले उज्जैनकर त्याचं वर्णन करत. आपल्याकडे निवडणूक आली की नीळ आणि गेरूची डबडी घेऊन पेंटर फिरत. त्यांचं अक्षर असं की नवशिक्यानं त्यावरून देवनागरी गिरवावी. मग १९९४ मध्ये मध्य प्रदेशात संपत्ती विरूपण निवारण कायदा आला. मालकाच्या परवानगीशिवाय शाई, खडू, रंगानं लिहिलं तर एक हजार रुपयांपर्यंत दंड. त्याच सुमाराला शेषन साहेबांनी निवडणुकीची आचारसंहिता कडक केली आणि भिंतींवरच्या प्रचाराचा जोर ओसरला. संरक्षित स्मारकांसाठीचा केंद्राचा कायदा तर २०१० च्या दुरुस्तीनंतर बराच कडक आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदे हवेतच. पण कायद्याला मालकाची परवानगी कळते, भिंतीचं वय कळत नाही. मालकानं परवानगी दिली की शंभर वर्षांच्या चितरावणावर सिमेंट कंपनीची जाहिरात रंगवता येते. कायदा मोडला गेला असं कोणी म्हणणार नाही.

मग करायचं काय? उत्तर भेरूगढमध्येच आहे, छिपा कारागिरांच्या हातात. भेरूगढचा बाटिक आपल्या प्रत्येकीच्या कपाटात आहे. चादर असेल, दुपट्टा असेल, नाहीतर गाऊन तरी. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. बाटिकचं तंत्र सगळं क्रमात आहे. कारागीर आधी वितळलेलं मेण घेतो आणि कापडाचा जो भाग राखायचा त्यावर मेण देतो. मग कापड थंड रंगात बुडवतो, कारण रंग गरम असला तर मेण वितळेल. दुसरा रंग हवा असेल तर पुन्हा मेण, पुन्हा रंग. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढतो, आणि राखलेलं सगळं वर येतं. मेणाला गेलेल्या तड्यांतून रंग शिरतो, त्या बारीक रेघा तर बाटिकची ओळखच.

काय राखायचं हे रंगात हात घालण्याआधी ठरवावं लागतं. रंग दिल्यावर आठवून उपयोग नाही. सिंहस्थाच्या भिंतींनाही हाच क्रम लावा, एवढंच माझं म्हणणं. जुन्या मंदिरावर, धर्मशाळेवर, घाटावर, वाड्यावर ब्रश फिरण्याआधी कोणीतरी जाऊन पाहावं. चित्राचा तुकडा आहे का, देणगीदाराचा दगड आहे का, मोडीत काही कोरलंय का. असेल तर तेवढ्यावर मेण. म्हणजे तेवढं सोडून रंग द्या. बाकी भिंतीवर खुशाल समुद्रमंथन काढा, कोणाची हरकत नाही.

मोडीचं मुद्दाम लिहिलं. राणोजी शिंद्यांनी १७३० च्या दशकात उज्जैनला ठाणं मांडलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबांनी महाकाळाचं मंदिर पुन्हा उभं केलं, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवेपर्यंत हे शहर शिंद्यांची राजधानी होतं. एवढ्या वर्षांत इथल्या मराठी माणसांनी पुष्कळ बांधलं आणि पुष्कळ लिहिलं. त्यातलं कागदावरचं वाळवीनं खाल्लं. दगडावरचं आहे, पण मोडी वाचणारा डोळा घराघरांतून गेला, म्हणून ते आपल्याला नुसते ओरखडे वाटतात. ज्या रेघा वाचता येत नाहीत त्या पुसायला माणसाला काहीच वाटत नाही.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातात आहे ते आपण करू. घरात जुना वाडा असेल आणि दुरुस्ती निघाली असेल, तर प्लास्टर पाडण्याआधी प्रत्येक भिंतीचा उजेडात एक फोटो काढून ठेवा. देवघराच्या कोनाड्याभोवती, जिन्याखाली, बाळंतिणीच्या खोलीत बघा. उंची मोजलेल्या रेघा सापडतील, दुधाचा हिशोब सापडेल, कोणाच्या तरी जन्माची तिथी सापडेल. गावातल्या आजीकडून येत्या पितृपक्षात सोळा संजा काढून घ्या, कागदावर का होईना. आणि नातवंडांना कालियादेहला नेलंत तर अकबराचा लेख दाखवा, त्यांच्या खिशातला खिळा मात्र आधी काढून घ्या.

तुमच्या घरच्या भिंतीवर काय होतं, ते जरूर लिहा. फोटो असेल तर उत्तमच. नसेल तर आठवेल तसं सांगा, आकृती पुसली गेली तरी ती कोणाच्या हातची होती हे तरी राहील.